गोळ्यानं पास केलेला रॅम्प

अख्ख्या सोलापुरात सत्कार करायला सगळ्यात अवघड माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आमच्या साडूंचं नाव घेईन. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचे दोन्ही पाय गेले, पण खांदे असे की रिक्षात आपण दोघं बसतो तिथं हे एकटे जेमतेम मावतात. व्हीलचेअरवाल्या खेळाडूंच्या स्पर्धांत बसल्या जागेवरून गोळा फेकतात आणि दरवर्षी पदक घेऊन येतात. पदक आलं की सत्कार आलाच, आणि आमच्याकडचा सत्कार म्हणजे शाल नाही, चादर. माझ्या घरातली प्रत्येक चादर साडूंच्या पराक्रमाची आहे; आम्ही विकत घेतलेली एकही नाही. पण ही चादर अंगावर घालायला अध्यक्षांना स्टेजवरून खाली यावं लागतं. कारण स्टेजला पायऱ्या असतात, आणि चार कार्यकर्ते उत्साहानं खुर्ची उचलायला धावले की साडू ब्रेक लावून बसतात. "उचलून? मी काय गणपती आहे का?" असं म्हटल्यावर मोठमोठी पोटं सांभाळत मान्यवर खाली उतरतात.

बरं, रॅम्प असला तरी सुटका नाही. साडूंच्या खुर्चीला मागं एक पिशवी असते. तिच्यात टेप आणि गोळा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हा त्यांचा कायदा, आणि टेपवर विश्वास नसल्यामुळं वरून गोळा सोडून खात्री करायची. पाच आकडे मोजायच्या आत गोळा खाली आला तर रॅम्प नापास. गोळा सोडायचं काम माझं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मी असाच कार्यालयाच्या रॅम्पवर उभा होतो. गोळा दोन आकड्यांत खाली आला आणि व्याह्यांच्या बुटाजवळ थांबला. ते अजून माझ्याशी जपूनच बोलतात.

अशा माणसाला गावच्या शाळेनं सत्काराचं बोलावणं धाडलं. ही शाळा त्यांची स्वतःची. सगळे वर्ग चार पायऱ्यांवरच्या ओसरीला लागून. साडूंच्या आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अव्वा, लेकराला रोज कडेवर घेऊन त्या पायऱ्या चढायच्या. चौथीनंतर लेकरू जड झालं, अव्वांच्या कंबरेनं हात टेकले आणि साडूंची शाळा तिथंच संपली. आता अव्वांचे गुडघे गेलेत. लेकाचा एकही सत्कार त्यांनी पाहिलेला नाही, कारण जिथं तिथं जिने. "एकदा तरी बगू दे की मला," असं त्या म्हणायच्या, आणि साडू टेप गुंडाळायला लागायचे.

त्यांनी हेडमास्तरांना कळवलं की पक्का रॅम्प बांधा, मंडपवाल्याची फळी चालणार नाही. बिचाऱ्यांनी बांधला. आम्ही गेलो, मी गोळा सोडला, दोन आकड्यांत खाली. गवंडी पुन्हा बोलावला. दुसऱ्या खेपेला तीन आकडे झाले आणि गोळा धडकून हेडमास्तरांची स्कूटर आडवी झाली. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, तुमचे साडू एवढे ताकदवान, जरा चढ असला तर काय बिघडतं?" मलाही तेच वाटत होतं. खरं सांगतो, त्या दिवशी मला साडूंचा राग आला होता.

तिसऱ्या खेपेला थेट सत्काराचाच दिवस उजाडला. पाहुणे ओसरीवर, पोरं अंगणात, चोवीस फुटांचा रॅम्प रांगोळी काढून तयार. मी गोळा सोडला आणि सगळी शाळा एका सुरात मोजायला लागली. बरोबर पाचाला गोळा खाली पोचला. टाळ्या पडल्या, पण साडूंनी खुर्ची रॅम्पकडं न वळवता झाडाखाली बसलेल्या अव्वांकडं वळवली.

"बस मांडीवर."

"लाज न्हाय का रं तुला? लोकं बगत्यात."

"तू चार वर्सं मला न्हेलंस, तवा बगत नव्हती व्हय?"

अव्वा पदर सावरत, शिव्या देत बसल्या. मी मागून ढकलायला गेलो तर साडू म्हणाले, "साडू, हात काढा." मग हळूहळू चाकं फिरायला लागली. अर्ध्यावर साडूंना धाप लागली तेव्हा अव्वांनी विचारलं, "लई जड हाय का रं मी?"

"माझ्या गोळ्यापेक्षा हलकी हायस," साडू म्हणाले. अव्वा हसल्या, आम्ही सगळेच हसलो. वर पोचल्यावर अध्यक्षांनी घातलेली चादर साडूंनी काढून अव्वांच्या खांद्यावर टाकली. माझे डोळे भरून आले, आणि हेडमास्तर तर उघडच रडत होते.

परत येताना अव्वा गाडीत मागं ती चादर पांघरून झोपल्या. साडू खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "साडू, मघाशी मी गंमत केली. पण खरंच हलकी झालीय हो ती."

गोळा माझ्या मांडीवर होता, नेहमीसारखाच जड.