चुकण्याची तालीम

माणसं नकळत चुकतात. मी एकदा आरशासमोर उभी राहून, तालीम करून चुकले. नातवंडं मला फार हुशार समजतात, त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

ती चूक मला शिकवली माझ्या जोडीला शिकवणाऱ्या गुरुजींनी. खडू कानामागं खोचायचा, कपाळावर हात मारून घ्यायचा आणि मोठ्यानं विचारायचं, "बाई, माझं चुकलं का?" असा एखादा लाघवी माणूस तुमच्याही नोकरीत भेटला असेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगवीजवळच्या वस्तीवर आमची शाळा. खोली एकच, म्हणून तिसरी-चौथी एकत्र आणि आम्ही दोघं एकाच फळ्यापुढं. म्हणून आम्ही वाटणी केली. गुरुजींनी मुद्दाम चुकायचं, मी पकडायचं. ते फळ्यावर लिहायचे, एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा. "तीनापेक्षा चार मोठं, व्हय का न्हाय?"

"चुकलं! गुरुजी चुकलं!" पोरं ओरडायची. मग मी डब्यातल्या दोन भाकरी काढायची. एकीचे तीन तुकडे, दुसरीचे चार. शेवटी तुकडे पोरांच्याच पोटात.

एखादं पोर खरंच चुकलं, की गुरुजी त्याच्याहून मोठी चूक करायचे. वर्ग त्यांना हसायचा, पोर सुटायचं. एवढ्यासाठी मी त्यांना देवमाणूस म्हणायची.

एकदा कळलं, शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी पाठ बघायला येणार. पाठ आवडला तर ही जोडीनं शिकवायची रीत इतर शिक्षकांना दाखवायला बारामतीला नेमणूक. तोवर शाळेबाहेर मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी हरखले.

"गेलो तर जोडीनंच जाऊ," गुरुजी म्हणाले. "पण रोज मीच येडा ठरतो. उद्या तुमी चुका, भाकरी मी मोडतो. तुमची ॲक्टिंग माझ्यापरीस झ्याक हाय."

ॲक्टिंग! मी विरघळले. कोणता हात कपाळावर मारला की बांगड्या छान वाजतात, हेसुद्धा मी घरी ठरवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत. मी कडक इस्त्रीच्या साडीत. ठरल्याप्रमाणे चुकीचं लिहिलं, बांगड्या वाजवल्या.

"चुकल्या! बाई चुकल्या!" पोरं किंचाळली.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "बाई, चौथीचं गणित येत नाही तुम्हाला?"

मी हसत गुरुजींकडं पाहिलं. आता ते खेळ सांगतील. त्यांनी शांतपणे फळा पुसला, बरोबर लिहिलं, भाकरी मोडली आणि म्हणाले, "होतं बाईंचं असं कधी कधी. मी सांभाळून घेतो, साहेब."

"साहेब, मी मुद्दाम चुकले," मी म्हणाले.

"माझा मुलगाही हेच सांगतो," साहेब म्हणाले.

बारामतीला गुरुजी एकटेच गेले. दोघांनी मिळून कसं शिकवावं, हे पुढं इंदापूरपर्यंत ते एकटेच शिकवत फिरले. गावातून निघाले तेव्हा एसटीच्या दारातून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कपाळाला नेहमीसारखा हात लावला. विचारलं मात्र काहीच नाही.

ते गेल्यानंतरच्या सोमवारी मी एकटी फळ्यापुढं उभी राहिले. डब्यात सवयीनं दोन भाकरी होत्या. सगळं बरोबर लिहिलं.

मेंढरंवाल्यांच्या घरची हिरा गणितात रोज अडखळायची. ती उभी राहिली, फळ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "बाई, आता मी चुकली, तर माझ्यासंगं चुकायचं कुनी?"