दिराच्या टोपलीतले बांगडे

मुलगी मानसशास्त्र शिकायला लागली तेव्हा तिच्या पुस्तकातली एकच गोष्ट मला पटली. माणूस जन्मतो तेव्हा त्याचं मन कोऱ्या पाटीसारखं असतं. डोळे, नाक, बोटं यांतून जे आत येतं तेवढंच ज्ञान. त्याला अनुभववाद म्हणतात आणि आपलं शास्त्र त्याच्याच आधाराने उभं राहिलं, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, हे मी तोंडवलीच्या वाळूत कधीच शिकले. माझ्यामागे ना माहेर होतं ना भांडवल. माशाचा कल्ला उचलायचा, आतली लाली बघायची, पोटावर बोट दाबायचं, हुंगायचं. तेवढ्यावर कसालच्या बाजारात बसायची जागा मिळवली.

त्याच नाकाच्या जोरावर दिराशी माझं वैर होतं. नवरा गेल्याच्या पहिल्या वर्षी दिराने आपल्या होडीवरून टोपली दिली, तिच्यात वर ताजे बांगडे आणि खाली बर्फातले शिळे. घाईत मी खाली हात घातला नाही. गिऱ्हाइकाने भर बाजारात मासा माझ्यासमोर आपटला. टोपली खलाशांनी भरली, मला ठाऊक नव्हतं, असं दीर आजही सांगतो. नंतर तीनदा मी त्याचा मासा तपासला. तिन्ही वेळा शिळा. मग त्याच्या होडीकडे जाणंच सोडलं.

यंदा शिमग्यानंतर त्याने मुलीबरोबर निरोप धाडला. कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही तर होडी विकावी लागेल. वयनीने एकदा मासा बघावा. मी म्हटलं, बघून झालंय.

मुलगी म्हणाली, नुसता अनुभव पुरत नाही, तोही तपासावा लागतो. माझं डोकं फिरलं.

"तुझ्या पुस्तकाक बांगड्याचो वास येता काय?"

"येणा नाय. म्हणान तर तुका इचारतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पडवीत दोन टोपल्या ठेवल्या. एक काकाची, दुसरी आचऱ्याला होडी हाकणाऱ्या तांडेलाची, ज्याचा मासा मी नेहमी घेते. कुठली कुणाची तेही सांगितलं. मी कल्ले उचलले. दिराचे बांगडे मऊ लागले, वास उग्र. तांडेलाचे कडक.

"आये, मी उलटां सांगितलंय. तू नावां ठेवलंस ती तांडेलाची."

मी तिला नाही नाही ते बोलले. मग तिने नाव न सांगता एकेक मासा हातात दिला. मला फरक सांगता आला नाही. सगळे त्याच पहाटेचे होते.

दोन दिवसांनी मी तोंडवलीला गेले. दिराने टोपली पुढे सरकवली.

"हात लावन बघ, वयनी."

कल्ला लालभडक होता, माझ्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. तरीही तो वास आला, त्या बाजारातल्या दिवसाचा. तो माशाचा नाही हे मला आता कळत होतं. कळूनही तो नाकातून जाईना. दीर माझ्या तोंडाकडे बघत होता. मी नको म्हटलं. त्याने टोपलीवर ओलं गोणपाट ओढलं आणि पाण्याकडे तोंड केलं.

पावसाआधी होडी विकली गेली. दीर आता दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढायला जातो. मी तांडेलाचाच मासा घेते, पण दोनदोनदा हुंगते, आणि भाव पाडताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.