श्रद्धांजलीची घाई

कोणी गाजलेला माणूस वारला की मला दुःख व्हायच्या आधी घाई होते.

हे मी अभिमानानं सांगत नाही. आजारच आहे तो! गेल्या काही वर्षांत मी नट, नट्या, गायक, एक फिरकी गोलंदाज आणि एक खलनायक (हा संध्याकाळी जिवंत निघाला) अशा कितीतरी जणांना फेसबुकवर निरोप दिला. 'एक पर्व संपलं', 'आज पोरके झालो', 'असा माणूस पुन्हा होणे नाही' ही वाक्यं माझ्या फोनमध्ये तयारच असतात. फक्त नाव भरायचं. (ज्यांची तब्येत नाजूक असल्याचं कानावर येतं, त्यांची नावंही भरून ठेवलेली असतात. हसू नका. तुमच्या गल्लीतही माझ्यासारखा एक असणारच.)

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत दोन आहेत. दुसरे म्हणजे समोरचे मुळे सर, निवृत्त मुख्याध्यापक. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात आहे. खोट असलेला माल पकडून बाजूला काढायचा, हे माझं काम. सकाळी कंपनीच्या बसमध्ये धक्के खात मी 'भावपूर्ण' टाइप करेपर्यंत सरांची श्रद्धांजली फोटोसकट लागलेली असायची. रिकामा वेळ असलेल्या माणसाशी स्पर्धा करू नये, हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

त्या दिवशी 'ते' गेले.

त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कधी घेतलंच गेलं नाही. आईच्या तोंडी 'हे' म्हणजे बाबा आणि 'ते' म्हणजे पडद्यावरचे ते. लग्नाआधी खुलताबादच्या उरुसात, तंबूतल्या टॉकीजमध्ये, बायकांच्या बाजूला बसून तिनं त्यांचा पहिला सिनेमा पाहिला आणि ती तिथून पूर्ण अशी परत आलीच नाही. अजूनही भाजी निवडता निवडता तिचा हात मध्येच थांबतो आणि ती कुठंतरी बघत राहते. बाबा म्हणतात, "गेली तंबूत." आणि मेथीची जुडी स्वतःकडं ओढून घेतात.

तर ते गेले, आणि मी बसमध्ये फोन काढतो तो काय, मुळे सरांनी त्यांच्यासोबतचा फोटो टाकलेला! ते कसलीशी फीत कापतायत आणि मागच्या गर्दीत सरांचा उजवा कान दिसतोय. त्या कानाला अडीचशे लोकांनी लाईक दिलं होतं. माझ्याकडं तर कानही नव्हता. मग खिडकीबाहेर बघता बघता, सकाळच्या त्या पिवळसर उन्हात, मला हळूहळू एक आठवण येऊ लागली. अशी एक आठवण, जी घडलीच नव्हती.

मी लिहिलं की तीसेक वर्षांपूर्वी नाटकाच्या प्रयोगासाठी ते आमच्या शहरात आले असता त्यांची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. मी तेव्हा कॉलेजात होतो. मी त्यांना घरी आणलं, स्वतः चहा करून दिला, बाबांशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, 'चहात जीव ओतलास, पोरा.' लिहिता लिहिता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसलेल्या पवारांनी विचारलं, "घरचं कोणी?" मी मान डोलावली.

दुपारपर्यंत ती पोस्ट कुठल्या कुठं गेली. अनोळखी माणसं मला 'भाग्यवान' म्हणू लागली. कॉलेजातला मित्र जावेद याचा मेसेज आला, "क्या रे, इत्ते साल साथ में चाय पिये, कब्बी बोला नै!" मी नम्रपणे हात जोडलेलं चित्र पाठवलं. क्वालिटीच्या खात्यातला माणूस असूनही त्या मालातली मुख्य खोट माझ्या लक्षात आली नव्हती. त्या सगळ्या गोष्टीत आई कुठंच नव्हती!

संध्याकाळी घरी आलो तर दारातच बायकोनं अडवलं.

"आज पाण्याचा दिवस होता. आईंनी मोटर लावली नाही."

आमच्या शहरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरातलं लग्नकार्य असतं. हात मोडला होता तेव्हाही आईनं दुसऱ्या हातानं पाणी भरलं होतं.

"का?" मी विचारलं.

"शेंद्र्याच्या मामांचा फोन आला होता. तुम्ही काय लिहिलंय ते त्यांनी वाचून दाखवलं. 'आक्के, ते तुझ्या घरी येऊन गेले अन् आमाला सांगितलं बी नाय व्हय?' असं म्हणाले."

आई गॅलरीत बसली होती. ऊन उतरलं होतं, समोरच्या कडुनिंबाची सावली तिच्या पदरावर हलत होती आणि तिचं कशाकडंच लक्ष नव्हतं.

"ते आले तवा मी कुठं होते रे?" तिनं विचारलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. पण तिनं तो प्रश्न इतक्या हळू विचारला, की मी पुन्हा खोटंच बोललो.

"तू शेंद्र्याला गेली होतीस. मामाकडं."

"मग आल्यावर काहून नाय सांगितलं?"

आणि इथं माझ्या तोंडून माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच वाक्य गेलं. "बाबा म्हणाले, सांगू नको. तुला वाईट वाटेल."

बाबा आत पेपर वाचत होते. आपण तीस वर्षांपूर्वी एक गुन्हा केला आहे, याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. ती त्यांना रात्रीच्या जेवणात मिळाली. आईनं ताट वाढलं, ठेवलं आणि एक अक्षर न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला गच्चीवर गाठलं.

"असं काही झालं होतं का रे? माझ्या तर ध्यानातच येईना," ते म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर ती शंका मला बघवेना. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. कान, बस, लाईक, सगळं.

मला वाटलं, ते ओरडतील. त्यांनी पाण्याच्या टाकीचं सरकलेलं झाकण नीट बसवलं.

"तुला ठाऊक हाय का," ते म्हणाले, "ते खरंच नाटक घेऊन आले होते इथं. तुझ्या आईनं नवं पातळ काढून ठेवलं होतं. मी म्हणलो, हापिसात काम लई हाय, पुढच्या टायमाला जाऊ. पुढचा टाइम काही आलाच नाय."

"मी आजच तिला खरं सांगतो," मी म्हणालो.

"सांग सांग," बाबा म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मला कंपनीतून यायला थोडा उशीर झाला. आलो तर गॅलरीत दोन खुर्च्या! आई एका खुर्चीत, बाबा दुसऱ्या खुर्चीत डोळे अर्धवट मिटून बसलेले.

"पांढरा सदरा होता," बाबा सांगत होते. "बाह्या दुमडलेल्या."

"डाव्या हातात घड्याळ असंल," आई म्हणाली.

"हा, डाव्याच. चष्मा काढला, पुसला अन् आपल्या या कडुनिंबाकडं बघत राहिले. म्हणले, सावली झकास पडती इथं."

"म्हणले असं?"

"म्हणले."

आई त्या सावलीकडं बघू लागली. मी चपला हातात घेऊन परत जिन्यात गेलो आणि पायरीवर बसून राहिलो. आईबाबांना मी मीठ, पेन्शन आणि मोटर या तीन विषयांपलीकडं एकमेकांशी बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ते मोडायला माझं काही धाडस झालं नाही.

मग हे रोजचंच झालं. पाच वाजले की गॅलरी, आणि रोज काहीतरी नवं निघायचं. एक दिवस बाबांनी सांगितलं की चहा मुलानं नव्हे, आपण स्वतः केला होता.

"तुम्ही?" आई उडालीच. "साखर कोणत्या डब्यात असती ते तरी ठाऊक होतं का?"

"हुडकली."

"कसा केला?"

कसा केला ते दाखवायला बाबा जन्मात पहिल्यांदा गॅसजवळ गेले. (काडेपेटी कुठं असते, हे त्यांनी माझ्या बायकोला खुणेनं विचारलं.) तो चहा आईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"त्यांनी हा प्याला?"

"दोन कप."

"लई सज्जन माणूस," आई म्हणाली.

बाबा खोटं बोलत होते की त्यांना आता खरंच तसं आठवत होतं, हे मला कळेना. मी एकदा हळूच विचारलं, तर ते म्हणाले, "तू नव्हतास ना तिथं, तुला काय सांगू?" एवढ्या गंभीरपणे म्हणाले, की मी गोंधळलो. त्या रात्री माझ्या स्वप्नात ते आले, पांढऱ्या सदऱ्यात. मी दार उघडायला गेलो तर मला म्हणाले, 'तू राहू दे, वडिलांना बोलव.'

इथपर्यंत सगळं घरात होतं. पण मुळे सरांना माझा विजय सहन होईना, आणि वाटा घेतल्याशिवाय राहवेना. त्यांनी मारुतीच्या देवळाच्या मंडपात श्रद्धांजली सभा ठरवली. प्रमुख वक्ते आमचे बाबा! शिवाय सभेचं मोबाईलवरून थेट प्रक्षेपण. मी बाबांना म्हणालो, "नाही म्हणा." ते आरशात टोपी बसवत होते. त्यांना ऐकूच आलं नाही.

सभेला आख्खी गल्ली आली. शेंद्र्याहून मामा जीप भरून माणसं घेऊन आले. आई पहिल्या रांगेत, नव्या पातळात. मी माझ्या अब्रूचा पंचनामा बघायला खांबामागं उभा राहिलो. एकानं जरी विचारलं असतं, 'तारीख कोणती? गाडी कोणती?' तरी संपलं होतं.

बाबा माईकसमोर उभे राहिले. घसा साफ केला.

"ते घरी आले," ते म्हणाले, "तवा त्यांनी पयलं विचारलं, वहिनी कुठं हायेत? मी म्हणलो, माहेरी. ते म्हणले, नाटकाला आल्या होत्या का? मी म्हणलो, नाय. त्यांनी विचारलं, काहून? आता काय सांगावं! तिनं पातळ काढून ठेवलं होतं अन् मी पुढच्या टायमाला म्हणलो होतो. मी गप. ते म्हणले, दादा, त्यांची माफी मागा." बाबा आईकडं वळले. "तीस वर्सं झाली. मागायची राहूनच गेली. आज मागतो."

आईनं पदर तोंडाला लावला. मामा रुमाल शोधू लागले. आणि ती भेट घडलीच नव्हती हे पक्कं ठाऊक असलेला या जगातला कदाचित एकमेव माणूस, म्हणजे मी, खांबाला धरून सगळ्यात मोठ्यानं रडत होतो!

बाबांना हिमरू शाल घातली. सगळं पार पडलं असं मला वाटत असतानाच मुळे सरांनी माईक घेतला. "आणि आपल्या चिरंजीवांनी चहा करून दिला, तो प्रसंग सांगा ना!"

"कोण, हा?" बाबांनी खांबाकडं बोट दाखवलं. "चहा मीच केल्ता. हा घरीच नव्हता! आमखास मैदानावर क्रिकेट खेळाया गेल्ता."

मंडप खदखदून हसला. मोबाईलवर थेट बघणारे मात्र हसले नाहीत. पाच मिनिटांत माझ्या पोस्टखाली कमेंटची रांग लागली. 'मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं बोलता?' 'वडिलांचा चहा स्वतःच्या नावावर? थू!' जावेदनं लिहिलं, "भाई, ये तो ठीक नै किया." मुळे सरांनी फक्त एक उसासा टाकणारा चेहरा टाकला. तो मला सगळ्यात जास्त लागला.

आता मात्र मी ठरवलं, जे व्हायचं ते होवो. आईला एकटीला गाठलं आणि डोळे मिटून सांगून टाकलं. "आई, ते आपल्याकडं आलेच नव्हते. कधीच नाही. मी सगळं खोटं लिहिलं होतं."

आईनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. लहानपणी मी काच फोडून दोष मांजरावर ढकलला होता, तेव्हाही असंच पाहिलं होतं.

"तू लिहिलेलं खोटंच होतं," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीनं ऐकलं की. पण आता पकडला गेलास म्हणून त्यांचं येणंच पुसून टाकतोस? हे कशाला खोटं बोलतील? ह्यांनी जन्मात कधी कोणाची माफी मागितली नाय, ती काय उगंच मागितली का?"

मी फोन खिशात घालू लागलो.

"चल, फोन काढ," ती म्हणाली. "जे खरं हाय ते लिही. मी सांगते तसं."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. 'ते आमच्या घरी आले तेव्हा मी घरी नव्हतो. चहा वडिलांनी केला होता. मी लोकांसमोर खोटं बोललो, त्याबद्दल सर्वांची क्षमा मागतो.' पहिली कमेंट मुळे सरांची आली, 'प्रांजळपणा भावला.' तासाभरात त्या माफीला आधीच्या पोस्टच्या दुप्पट लाईक पडले.

"बघ," आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खरं बोललं की मान्स कशी जवळ करत्यात!"