टीव्हीसमोरची जागा

आदिलाबादजवळच्या बेला गावच्या रेणुकाबाई तशा हट्टी नव्हत्या. रात्री भाकरी करायची की भात टाकायचा, हेसुद्धा त्या नवऱ्याला विचारून ठरवत. पण त्या वर्षी जुन्या टीव्हीपायी त्यांनी जो हट्ट धरला, त्याचं कारण सुधाकररावांना काही कळलं नाही. हैदराबादेत नोकरी करणाऱ्या करणला, त्यांच्या मुलाला, तर त्याहून नाही.

“आई, नवा घेऊन देतो ना,” करण फोनवर म्हणायचा. “त्याच्यात वाय-फाय आतच असते. काही जोडाजोड नाही.”

“मले हाच पाह्यजे. ह्याच्यातच मराठी लावून दे.”

मराठी गेलं होतं उन्हाळ्यात. केबलवाल्यानं चॅनेलांचं पॅकेज बदललं आणि रेणुकाबाईंच्या संध्याकाळच्या दोन्ही मालिका एका रात्रीत नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी तेलुगू आलं. तेलुगू रेणुकाबाईंना बाजारापुरतं कळे. सासू सुनेला नेमकं काय बोलली, हे समजायला तेवढं पुरत नव्हतं.

पण मालिकांवाचून काही अडलं नसतं. अडलं होतं ते विमलबाईंवाचून.

विमलबाई बुद्धविहारामागच्या वस्तीतल्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून सुधाकररावांच्या वावरात कामाला. कापूस वेचताना रेणुकाबाई देखरेखीला म्हणून जायच्या आणि बोलता बोलता विमलबाईंच्या शेजारच्या ओळीला स्वतःच वेचायला लागायच्या. पुढे या घरी टीव्ही आला, तेव्हा वावरातल्या चार-सहा बाया संध्याकाळी पाहायला येऊ लागल्या. दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीला लागून सतरंजी अंथरलेली असे, तिच्यावर बसायच्या. मग एकेकीच्या घरी टीव्ही आले, तशा एकेक यायच्या थांबल्या. विमलबाई थांबल्या नाहीत. मधे डब्यासारखा टीव्ही जाऊन हा चपटा आला, विमलबाईंचा हर्षदीप शिकून शाळेत मास्तर झाला, विमलबाईंचं कामाला जाणं सुटलं, तरी दिवेलागणीला त्या यायच्याच. आणि सतरंजीवर, दाराजवळच बसायच्या. तिथे बस असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. वर बस, असंही कोणी म्हटलं नव्हतं. टीव्हीसमोर लाल रंगाच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर रेणुकाबाई बसत, दुसरीवर दोरीवरून काढून आणलेले कपडे पडलेले असत.

मालिका चालू झाली की विमलबाईंचं तोंड चालू व्हायचं.

“ह्या सासूले आपल्या वावरात पाठवा बाई एक दिवस. दुपारपर्यंत कापूस येचला की सारं सासूपण उतरते.”

“अन् दागिने काऊन घालून झोपते वं ही?”

“चोराची सोय हाये. त्याले शोधाचं काम नाही पडत.”

रेणुकाबाई पोट धरून हसायच्या. सुधाकरराव घरी असले की आतून ओरडायचे, “टीव्ही पाहून राह्यल्या का टीव्हीले शिव्या देऊन राह्यल्या?” त्यावर दोघी आणखी हसायच्या.

मराठी गेलं त्या दिवशी रेणुकाबाईंचं डोकं तापलेलं होतं. रिमोटची बटणं दाबून दाबून अंगठा दुखला होता. त्यात विमलबाई नेहमीसारख्या आल्या, चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “आज काय म्हणते आपली सासूबाई?”

“काई म्हणत नाही,” रेणुकाबाई फणकारल्या. “इथं आता पाह्यले काई नाही. तुया घरी पोरानं भिंतीएवढा टीव्ही लावला, तो पाह्य न. इथं काय पाह्यले येतं वं रोज रोज?”

बोलून झाल्यावर त्या पुन्हा रिमोटकडे वळल्या. विमलबाई दाराची चौकट धरून उठल्या, सतरंजीचं दुमडलेलं टोक पायानं सरळ केलं आणि म्हणाल्या, “तेबी खरंच हाये बाई.” आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. रेणुकाबाईंनी आधी ते मनावर घेतलं नाही. मराठी नाही म्हणून येत नसेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. हे त्यांना इतकं सोयीचं वाटलं की हळूहळू त्यांचा त्यावर विश्वासच बसला. पण संध्याकाळ झाली की घर मोठं वाटू लागे. सुधाकरराव चौकातल्या पारावर जाऊन बसत ते जेवायलाच परत येत. तेलुगू सासू पडद्यावर डोळे वटारून बोलत असे आणि तिला उलट बोलणारं घरात कोणी नसे. कान मात्र दारातल्या चपलांच्या आवाजाकडे लागलेले असत.

तीन गल्ल्या ओलांडल्या की विमलबाईंचं घर. जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की विमल, मी त्या दिवशी बोलली ते मनावर घेऊ नको. पण ते शब्द रेणुकाबाईंच्या तोंडाच्या वळणाचे नव्हते. घरात गड्याबाईला रागवण्याचा रिवाज होता, रागवल्यावर समजूत काढायला जाण्याचा नव्हता. शिवाय विमलबाई इतकी वर्षं इकडे आल्या, पण रेणुकाबाई त्यांच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी मनाशी सोपी वाट काढली. टीव्हीत मराठी परत आणायचं. आलं, की निरोप धाडायचा. विमल येईल, सतरंजीवर बसेल, काहीच झालं नव्हतं असं सगळं चालू होईल. आणि त्यासाठी टीव्ही हाच हवा. नवा, मोठा आणला तर विमलच्या पोराशी बरोबरी केली असं दिसेल.

करणनं अखेर हात टेकले. घरात वाय-फाय त्यानंच बसवून दिलं होतं. टीव्हीच्या मागच्या खाचेत बसेल असा बोटाच्या पेराएवढा अडॅप्टर त्यानं कुरिअरनं धाडला. हे टीव्हीत खुपसलं की टीव्हीला वाय-फाय मिळेल, मग मोबाईलवर लागतं ते मराठी टीव्हीवर लागेल, असं त्यानं समजावलं.

खुपसलं. त्याचा निळा दिवा लागला. टीव्हीनं मात्र सांगितलं की ही वस्तू आपल्या ओळखीची नाही.

“घ्या,” सुधाकरराव म्हणाले. “वीस वर्सं जावई घरी येते तरी सासरा म्हणते, कोण पाव्हणे? तसं हाये तुह्या टीव्हीचं.”

“तुमी चूप बसा जी.”

करणनं चौकशी केली तेव्हा कळलं, जुने टीव्ही वाटेल तो अडॅप्टर घेत नाहीत, फक्त आपल्या कंपनीचा घेतात, आणि तो निघायचा केव्हाच बंद झाला आहे. रेणुकाबाई सुधाकररावांबरोबर आदिलाबादेला गेल्या. दुकानदारानं हिंदीत सांगितलं, “अम्मा, नया ले लो, इसका पार्ट अब कहाँ मिलेगा.” दुसऱ्यानं तेच तेलुगूत सांगितलं. परतीच्या बसमध्ये सुधाकरराव म्हणाले, “एवढं काय अडलं त्या मालिकेपायी?” रेणुकाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बाहेर कापसाला बोंडं धरली होती.

वेचणी सुरू झाली तेव्हा एकदा विमलबाई बाजारात दिसल्या. पलीकडच्या बाजूनं, सुनेचा हात धरून, हळूहळू चालत होत्या. रेणुकाबाईंना हाक मारावीशी वाटली. पण हाक मारून काय सांगायचं? मराठी अजून आलं नव्हतं. त्या भाजीवाल्याकडे वळल्या.

शेवटी करणला कुठूनसा त्याच कंपनीचा, कुणीतरी वापरलेला अडॅप्टर मिळाला. तो आला त्या दुपारी रेणुकाबाईंनी सुधाकररावांना पारावर जाऊ दिलं नाही. मोबाईल सुधाकररावांच्या हातात, मोबाईलमध्ये करण, आणि टीव्हीमागे भिंतीला गाल टेकवून रेणुकाबाई.

“आई, बसलं का?”

“भिंत आडवी येते रे. जात नाही आत.”

“बाबा, त्या डब्यात छोटी वायर आहे. ती आधी लावा, तिच्या टोकाला अडॅप्टर.”

लागलं. टीव्हीनं या वेळी ओळख दिली. मग नावांची यादी आली, तर घरच्या वाय-फायची दोन नावं असताना एकच दिसलं. करण म्हणाला, जुन्याला दुसरं दिसतच नाही, आहे तेच घे. मग पासवर्ड. रिमोटच्या बाणानं एकेका अक्षरावर जायचं आणि दाबायचं. रेणुकाबाई दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा सुधाकररावांनी अक्षर मोठं सांगायचं ते लहान सांगितलं. “पारावरच बरे होते तुमी,” असं बोलून रेणुकाबाईंनी चौथ्यांदा सगळं पहिल्यापासून भरलं. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग ती ओळखीची सासू सगळे दागिने घालून समोर उभी राहिली, आणि मराठीत बोलली.

रेणुकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. निरोप धाडायचा असं ठरलं होतं. पण आता इतकी घाई झाली होती की निरोप न्यायला कोणी शोधत बसण्यापेक्षा त्या स्वतःच चपला घालून निघाल्या.

दारात त्यांना पाहून विमलबाई खुर्चीत दचकल्याच.

“अगं बाई! रेणुकाबाई? कोणाचं काई झालं का?”

“नाही वं. सहज आली.”

“सहज?” विमलबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग आत हाक दिली, “दीपमाला, खुर्ची आण. च्या ठेव.”

सून खुर्ची घेऊन आली, ओढणीनं पुसून समोर ठेवली. रेणुकाबाई बसल्या. समोर विमलबाईंनी एक पाय स्टुलावर लांब केला होता, गुडघ्याला तेलाचा वास येत होता. खोलीत इकडेतिकडे खोकी बांधून ठेवली होती. भिंतीवर भला मोठा टीव्ही चालू होता, आणि त्यात तीच सासू बोलत होती.

“हे तुमच्याकडं लागते?” रेणुकाबाईंनी विचारलं.

“आमच्याकडं कधी गेलंच नवतं. हर्षदीपनं घरावर डिशची छत्री लावली त्याले मोप दिवस झाले.”

“मंग तू माझ्याकडं काऊन येत होती?”

विमलबाईंनी रिमोट घेऊन सासूचा आवाज कमी केला.

“तिथं पाह्यल्यासारखं इथं लागत नाही,” त्या म्हणाल्या. “इथं सून कामात, पोरगा मोबाईलात. सासूले शिव्या कोणासंगं देऊ?”

रेणुकाबाईंना हसू आलं. चहा आला. त्या दिवसाबद्दल बोलायचं तर आता, असं त्यांना वाटलं. बशीत चहा ओतत त्या म्हणाल्या, “गोड झाला च्या.”

“सून करते बरा.”

“विमल, आज ये. माझ्याबी टीव्हीत मराठी आलं. करणनं मागून यंत्र लावलं.”

“कशी येऊ बाई? आता खाली बसता नाही येत. तुमच्याकडं येत होती तवाच दुखत होते गुडघे. आता तर पार गेले.”

“खुर्ची हाये न.”

“हायेत ना,” विमलबाई म्हणाल्या. “दोन. लाल रंगाच्या. रोज पाहत होती मी.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं रेणुकाबाईंना वाटलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

“हे सामान कायचं?”

“हर्षदीपची बदली झाली, आदिलाबादेले. आईतवारी जाऊन राह्यलो.” मग स्टुलावरचा पाय नीट करत, “तुमी आल्या, बरं केलं.”

रेणुकाबाई परतल्या तेव्हा टीव्ही चालूच होता, तसाच सोडून त्या गेल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून आत नेले आणि ती खुर्ची आपल्या खुर्चीशेजारी सरकवली. तिच्याकडे पाहून बसवेना. मग त्या दाराजवळ गेल्या आणि भिंतीला टेकून सतरंजीवर, विमलबाईंच्या जागी बसल्या.

तिथून टीव्ही तिरका दिसत होता. जुना पडदा, समोरून स्वच्छ, पण बाजूनं पाहिलं की त्याचे रंग उडायचे. सासूचा चेहरा काळवंडलेला, डोळे पांढरे, फोटोच्या निगेटिव्हसारखे. दागिने होते की नव्हते, तेही कळत नव्हतं. नीट दिसत होती ती फक्त त्यांची स्वतःची खुर्ची. तिच्यात बसलेलं माणूस हसतं आहे का, हे इथून चांगलं दिसलं असतं.

त्या उठायला गेल्या आणि गुडघ्यात कळ आली. हात आपोआप चौकटीवर गेला. चौकटीचा रंग तेवढ्याच जागी उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्या पुन्हा खाली टेकल्या.

सुधाकरराव पारावरून आले ते दारातच थांबले.

“लागलं ना मराठी? मंग खाली काऊन बसली?”

“पाहून राह्यली.”

“इथून दिसते का काई?”

“नाही,” रेणुकाबाई म्हणाल्या.