तिसऱ्या खांबाची जाडी

बेळगावात मला छप्पर मिळालं ते पाण्यामुळे. खोट्या पाण्यामुळे.

मी मालवणकडचा. मराठी चौथीतून शाळा सुटली आणि पडदे रंगवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली नाटक कंपनीत शिरलो. पुढे बोलपट आले, कंपनीची गर्दी आटली, आणि बेळगावला लागूनच असलेल्या शहापूरच्या मुक्कामात एका सकाळी मालकच निघून गेले. रिकाम्या हातानं घरी जायला मला तोंड नव्हतं. तेव्हा रावसाहेबांनी बोलावलं. रेल्वेच्या पुलांच्या कामावर देखरेख करून ते निवृत्त झाले होते, टिळकवाडीत एकटेच राहायचे. बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल, त्यावर रूळ, चावीची आगगाडी, भुशाचे डोंगर. मधोमध मोकळा खड्डा.

"इथं नदी हवी," ते म्हणाले. "वर पूल. नदी येते ना तुला?"

मी हो म्हणालो. पडद्यांवर कितीतरी नद्या रंगवल्या होत्या. काम चालेल तोवर पडवीत झोपायचं आणि दोन वेळा पोटभर जेवायचं. काम संपल्यावर काय, हे विचारायची छाती झाली नाही. आजही ते घर आठवलं की आधी ती धास्ती आठवते, मग उपकार.

पहिली नदी फसली. पडद्यावरचं पाणी समोरून बघायचं असतं: निळा रंग, पांढऱ्या लाटांच्या रेघा, देवळाचं उलटं प्रतिबिंब. तीच रीत मी टेबलावर केली. वरून बघितलं तर वाळत घातलेलं लुगडं!

स्वयंपाक बघणारी आक्का दारातूनच म्हणाली, "पडदेवाल्या, ह्यात म्हस बसंल का रं? आन बसली तर पाठ तरी भिजंल का?"

"आक्का, नदी आहे ती."

"तुमच्या मालवणात आसंल. आमच्याकडं नदी निळी न्हाय."

ती बोरगावकडची, नदीकाठची. काठाला मातकट, आत हिरवं, डोहाला काळपट, हे रंग तिनंच सांगितले. तसा तळ रंगवून मी वर पातळ रोगणाचे थर द्यायला लागलो. हवा दमट, जरा घाई केली की रोगण दुधाळायचं, मग खरवडून पुन्हा. थर चढले तशी नदीला खोली आली. तळाशी रंगवलेला दगड हातभर खाली वाटायला लागला. खोलीत एकटा असलो की त्या पाण्याकडे पाठ करून बसणं मला जमेना.

पुलाचे गर्डर मी रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यातून कापले. रावसाहेबांनी ते धड पाहिलेही नाहीत. त्यांचं सगळं लक्ष तिसऱ्या खांबावर. टेबलाच्या एका ठरावीक कोपऱ्याशी ते गुडघे टेकून बसायचे, हनुवटी कडेला लावायचे आणि एक डोळा मिटून खांबाकडे बघत राहायचे. खेळण्याकडे कुणी असं बघत नाही.

का ते आक्कानं सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. "ह्यो पूल खरा हाय, रावसाबांनीच बांधून घेतलेला. माझा मालक त्या पुलाच्या कामाला हुता. सकाळी तिसऱ्या खांबाच्या परांचीवर चढला. चढताना रावसाबांनी काठावरनं बघितला. मंग परांचीवरनं पलीकडच्या अंगाला गेला, आन परत कुणाला दिसलाच न्हाय. नदी धुंडाळली, गळ टाकलं. काय न्हाय."

"म्हणजे बुडाले?"

"तू बघितलास?" ती डाफरली. "परांचीवरनं पलीकडच्या काठाला फळी टाकली हुती. तिच्यावरनं गेला आसंल. माणसं जात्यात. कामाला कंटाळून जात्यात, बायकूला कंटाळून जात्यात."

आणि कपाळावरचं कुंकू तिनं बोटानं नीट केलं. तो बुडाला यापेक्षा आपल्याला टाकून गेला, हे तिला सोसत होतं.

पण बारा वर्षं भरत आली होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. दिरानं निरोप धाडला होता: दसऱ्यानंतर येतो, रावसाहेबांच्या तोंडून ऐकतो. बुडताना पाहिला म्हणाले, तर पुतळा जाळायचा आणि वहिनीनं कुंकू पुसायचं.

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर थांबंल. त्यांच्या शब्दाभाईर न्हाय त्यो."

पुढे एका दुपारी रावसाहेब कोपऱ्यातून उठले आणि म्हणाले, "खांब जरा जाड कर."

मी लाकडावर शाडूचा लेप दिला. ते पुन्हा बसले. "अजून."

"एवढा होता का, साहेब?"

"लावून तर बघ."

लेपावर लेप चढले, आणि अखेर पलीकडचा काठ, तिथं त्यांनी माझ्याकडून बसवून घेतलेल्या फळीचं टोक, सगळं खांबाआड गेलं. ते टेबलाची कड धरून उठले. मग म्हणाले, "आता रंगव."

रोगणाचा शेवटचा थर दिला आणि तेवढ्यात आक्का आत आली. हातातल्या सुपात खण, नारळ, हिरव्या बांगड्या.

"आक्का, ओलं हाय!" इतक्या दिवसांत तिची बोली माझ्याही तोंडी बसली होती.

"नदी ओलीच आसती रं."

पूल झाला की नदीची ओटी भरायची, नाहीतर नदी आपल्या हातानं घेते. खऱ्या पुलाच्या वेळी राहून गेलं होतं म्हणाली. ओटी सवाष्णीनं भरायची असते. ते ती म्हणाली नाही. मी पोचायच्या आत तिनं हळदीकुंकवाची चिमूट तिसऱ्या खांबाशी सोडली. कुंकू वर राहिलं नाही. बारीक लाल धागे होऊन ते रोगणात खाली खाली उतरलं आणि मध्येच थांबलं. ते काढायचं म्हणजे सगळी नदी खरवडायची. आता आपला बिस्तरा उचलायचा, असं म्हणत मी उभा राहिलो. रावसाहेब आले, वाकून बघितलं.

"राहू दे," म्हणाले.

दीर आला तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "काय वैनी, हितं ऱ्हाऊन गाड्या खेळतीस व्हय?" हसला, पण त्याची नजर टेबलावरून हलेना. मग हात जोडून म्हणाला, "रावसाब, म्या आईपायी आलोय. म्हातारी म्हणती, पोरगं मधल्यामधी लटकलंय, त्याला सोडवा. तुमी बघितलासा का न्हाय?"

रावसाहेबांनी त्याला त्या कोपऱ्याशी बसवलं. "मी इथं उभा होतो. डोळा लाव. काय दिसतं?"

"खांब."

"आणि?"

"खांबच हाय की."

"मलाही तेवढंच दिसलं. बुडताना पाहिला असं मी म्हणणार नाही."

दीर उठेना. "मंग म्हातारीला काय सांगू?"

"वाट बघायला सांग."

आक्का दारात उभी होती. ती आत गेली आणि भाकरी थापायला बसली. थापण्याचा आवाज पार पडवीपर्यंत येत होता.

दीर पुन्हा आला नाही. म्हातारी मुलाचं नाव घेत गेली, असं नंतर कळलं. मला रावसाहेबांनी डोंगर, स्टेशन असं काही ना काही काम काढून ठेवून घेतलं आणि पुढे मिरजेच्या एका फोटोवाल्याकडे पडदे रंगवायला लावून दिलं. त्यांच्यामुळे मी माणसांत राहिलो. खांबाबद्दल विचारणं मला कधीच शक्य नव्हतं.

निघताना आक्कानं भाकऱ्या बांधून दिल्या. "गाडी त्याच पुलावरनं जाती. तिसरा खांब दिसंल तुला. पर मला काय सांगू नगंस."

मी ट्रंक उचलायला वाकलो.

"खांबाचा शाडू माझ्याच पाट्यावर मळलास की रं, किती लागला ते बघितलंय म्या," ती म्हणाली.

गाडी पुलावर चढली, गर्डरचा घणघणाट सुरू झाला. शेजारची बाई खिडकीतून नदीला हात जोडत होती. मी मान खाली घालून पायांशी ठेवलेल्या ट्रंकेचं कुलूप बघत राहिलो. आवाज बदलून जमीन आली तेव्हा मान वर केली.

त्यानंतर त्या पुलावरून कितीदा आलो-गेलो. तो खांब मी अजून पाहिलेला नाही.