बारुदीच्या डब्यांची झाकणं

संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. समोर आलेला प्रत्येक भाग चुकलेलाच आहे असं धरून हातात घ्यायचा, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं होतं. ती सवय कारखान्याच्या फाटकाशी सोडून यावी, एवढी अक्कल मला नव्हती. रोज शिफ्टच्या बसमधून मी ती मुकुंदवाडीला घरी आणायची.

घरी माझा सगळा संशय सासऱ्यांवर. त्यांना मी मामा म्हणायची. फौजेत त्यांनी आयुष्यभर हत्यारं दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर ते रायफलच्या स्पर्धांत उतरायचे आणि आपली काडतुसं आपणच भरायचे. त्याचा परवाना त्यांनी देवांच्या शेजारी फ्रेम करून लावला होता. वापरलेल्या पितळी पुंगळीत ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बारूद तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. माझ्या दृष्टीनं हा घरात विस्तवाशी चाललेला खेळ होता.

“दोन डबे कशाला लागतात?” असं मी एकदा विचारलं होतं.

“एकात बारीक दाण्याची, भरभर जळणारी बारूद, दुसऱ्यात जाड दाण्याची, सावकाश जळणारी,” मामा म्हणाले. “शहागंजच्या बाजारात मालानं भरलेला हातगाडा बघितला ना? त्याला एकदम धडक दिली तर गाडा जागचा हलत नाय, आपलाच खांदा जातो. त्याला रेटत न्यावं लागतं. जड गोळीचं तसंच हाय. तिच्यामागं सावकाश जळणारीच पायजे. भरभर जळणारी घातली तर गोळी सरकायच्या आत सगळा जोर होतो अन् बंदूक तोंडावर फुटती.”

हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली. कारण डब्यांवरच्या मूळ चिठ्ठ्या उन्हानं सुटून गेल्या होत्या आणि मामांनी झाकणांवर रंगानं लिहून ठेवलं होतं, ‘जलद’ आणि ‘संथ’. डबे ज्या पेटीत ठेवायचे तिच्यात वरून बघितलं की वाचता येतं म्हणून. डबे मात्र अगदी सारखे. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. घरात सासऱ्यांना कोण शिकवणार?

त्या वर्षांत पाऊस नव्हता. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे आणि आमच्या चारी बाजूंनी नव्या इमारती उठत होत्या. पाणी नसलं तरी धूळ भरपूर. त्यातच डॉक्टरांनी मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला.

“आधी पाऊस पडू दे, मग डोळ्याचं बघू,” मामा म्हणाले. तोवर काडतुसं भरणार नाही, असं त्यांनी कबूल केलं.

मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्याच आठवड्यात पुरावा मिळाला. घरातल्या प्रत्येक वस्तूवर धुळीचा थर होता आणि मामांचा छोटा तराजू तेवढा लख्ख होता. म्हणजे हे चोरून भरत होते. मला इतका राग आला की ते चक्कर मारायला गेल्याबरोबर मी पेटी उघडली, दोन्ही डबे काढले, दोन्ही झाकणं काढली आणि आतल्या बाजूला बारुदीच्या पातळीवर पेन्सिलनं खूण केली, कमी झाली तर कळावं म्हणून. मी कारखान्यात करते तशीच, लांब शेपटीची बरोबरची खूण. फाटक वाजलं तशी घाईनं झाकणं लावली आणि पेटी बंद केली.

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. मी पिंप भरत होते आणि मामांना वाटलं, ही आता दोन तास हलत नाही. ते टेबलाशी बसले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या तळहातावर चिमूटभर बारूद होती.

“हा दाणा बारीक लागतो का गं? झाकणावर तर संथ हाय.”

मी बघितलं. झाकणांची अदलाबदल झाली होती आणि ती मीच केली होती.

“लागतोय बारीक,” मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

मामांनी तळहातावरची बारूद परत डब्यात टाकली. “झाकणं फिरली माझ्याकडनं. डोळे गेले, आता डोकंपण गेलं,” ते म्हणाले. “बास झालं.”

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवणार नाही. महिनाभरात बारूद पोलिसांकडे रीतसर जमा झाली, रायफल गेली, परवाना भिंतीवरून उतरला. मला हवं होतं ते सगळं झालं. पण मामांचा स्वतःवरचा भरवसाही त्याबरोबर गेला. गॅस बंद केला का ते तीनतीनदा विचारायचे. औषधाची गोळी घेतली की नाही हे मला विचारून ठरवायचे. मी दर वेळी उत्तर द्यायची आणि खरं काय ते सांगायचं राहून जायचं.

पुढं एकदाचा पाऊस झाला आणि मामांचे डोळेही झाले. पट्टी निघाल्यावर ते लहान मुलासारखे घरातली एकेक वस्तू निरखत होते. रिकाम्या डब्यांत आता खिळे होते. त्यांनी एक डबा ओतला, उजेडात धरला, मग दुसरा ओतला.

“ही निशाणी कुणाची?”

लांब शेपटीची खूण त्यांनी माझ्या कारखान्याच्या कागदांवर शंभरदा पाहिली होती.

“माझी,” मी म्हणाले. “दोन्ही झाकणं मी काढली होती. लावताना अदलाबदल झाली.”

ओरडतील असं वाटलं होतं, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खिळे एकेक करून परत डब्यात भरले.

“म्हंजे तवा डोकं गेलं नव्हतं माझं,” ते म्हणाले.

“व्हय, मामा.”

रायफल जाऊन तोवर दीड वर्ष झालं होतं.