पासवरची मंजुश्री

शेगाव–संग्रामपूर गाडीची कंडक्टर कादंबऱ्या लिहिते, यावर पहिली दोन-तीन वर्षं कुणी विश्वासच ठेवला नाही. सुवर्णा वानखडेचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा डेपोतल्या एकानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि यात गाड्यांचं वेळापत्रक कुठे आहे, असं विचारलं. सुवर्णानं ते मनावर घेतलं नाही. तिचे वाचक डेपोत नव्हतेच. ते गाडीत होते, दप्तरं मांडीवर घेऊन बसलेले, पंधरा ते अठरा वयाचे, घरात ज्यांना कुणी लहान म्हणत नाही आणि मोठंही समजत नाही.

ती मूळची लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची. बारावीनंतर कंडक्टरची परीक्षा दिली, पास झाली, आणि गळ्यात पिशवी आली. रोज तीच पोरंपोरी चढायची, त्यांची भांडणं, रुसवे, पेपर अवघड गेल्याची रडारड, सगळं तिच्या कानावर पडायचं. संग्रामपूरच्या स्टँडवर गाडी चाळीस मिनिटं थांबे. ड्रायव्हर तुळशीराम डुलकी काढायचा आणि सुवर्णा शेवटच्या सीटवर वही उघडायची.

तिची लिहिण्याची एक खोड होती. मनानं काढलेलं नाव तिच्याशी बोलतच नसे. म्हणून कच्च्या लिखाणात ती सरळ पोरांच्या बसपासवरचंच नाव आणि गाव उचलायची. छपाईला देण्याआधी मात्र एक आख्खी सुट्टी खर्च करून सगळी नावं बदलायची. दोन पुस्तकं अशी बिनबोभाट पार पडली.

तिसऱ्यात घोळ झाला. त्यातली नायिका मंजुश्री, राहणार पळसखेड. दोन वर्षं या मंजुश्रीसोबत काढल्यावर सुवर्णाला ती आपलीच वाटायला लागली होती. बाकी सगळ्यांची नावं तिनं नेमानं बदलली, हिच्यावर मात्र नजर अडकलीच नाही. पुण्याच्या प्रकाशकाला तरी काय माहीत, की पळसखेड फाट्यावरून खरीखुरी मंजुश्री रोज सकाळी गाडीत चढते आणि संग्रामपूरच्या आयटीआयमध्ये वायरिंग शिकते?

पुस्तक गाडीत आलं तेव्हा पोरींनी गिल्ला केला. खरी मंजुश्रीही पोट धरून हसली आणि एक प्रत घरी घेऊन गेली. कादंबरीतली मंजुश्री एक दिवस कॉलेज बुडवून शेगावच्या स्टेशनावर जाते, दिवसभर रेल्वेगाड्या पाहत बसते, आणि संध्याकाळी एक कंडक्टरबाई तिला घरी आणून सोडते. बाप खाटेवर पडल्या पडल्या म्हणतो, भूक लागली की येईल घरी.

दुसऱ्या दिवशी खरी मंजुश्री फाट्यावर नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशीही फाटा रिकामाच. त्या फाट्यावरून चढणारी आणि आयटीआयला जाणारी ती एकटीच, तेव्हा विचारायचं तरी कुणाला? बापानं पुस्तक वाचलं असणार, खरं समजला असणार, आणि पोरीला घरी बसवलं असणार. आपल्या हौसेपायी एका पोरीचं शिक्षण सुटलं, या विचारानं तिला जेवण जाईना. तुळशीरामनंही धीर देण्याऐवजी, "तुमी माहं नाव त नाई न टाकलं कुठी?" असं विचारून घेतलं.

रविवारी ती पळसखेडला गेली. मंजुश्रीचे वडील जानराव ओसरीवर बसले होते आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. सुवर्णानं चहाची वाटही पाहिली नाही. चूक माझी आहे, नाव बदलून घेते, पण पोरीचं शिकणं थांबवू नका, असं तिनं एका दमात सांगून टाकलं.

जानराव चक्रावले. थांबवलं कुणी? पोरगी तर रोज जात होती, त्यांच्याच मोटरसायकलवर. तिला सोडून ते आयटीआयसमोरच्या कडुलिंबाखाली चार वाजेपर्यंत बसून राहत होते. इकडे कापूस वेचायला एकट्या पडलेल्या बेबीताई, म्हणजे मंजुश्रीच्या आई, आतून भांडी आपटत होत्या. मंजुश्री दारामागून खुणा करत होती, की ताई, काहीही करा पण यांना आवरा.

"नाव राहू द्या, ताई," जानराव म्हणाले. "पोरीनं मले सारं वाचून दाखवलं. फक्त एक सांगा. माही पोरगी दिवसभर ठेसनावर बसून राह्यली, अन् मी काऊन नाई गेलो?"

बाप गेला असता तर कंडक्टरबाईला कामच उरलं नसतं, हे सुवर्णाला माहीत होतं, पण ते त्या माणसाच्या तोंडावर सांगवेना. तीन पुस्तकं झाली, आणि एकाही बापाला तिनं खाटेवरून उठू दिलं नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं, भाऊ."

"कंडक्टरबाईनं आणली, त ठीकच हाय," जानराव म्हणाले. "पण मले फाट्यावर तरी उभं करा."

सोमवारपासून मंजुश्री गाडीनंच जाणार, हा निकाल बेबीताईंनी दिला. सोमवारी संध्याकाळी परतताना गाडी पंक्चर झाली आणि फाट्यावर पोचायला पाऊण तास उशीर झाला. जानराव रस्त्याच्या कडेला उभे होते. उशीर का झाला, हे त्यांनी विचारलं नाही. पोरीच्या हातातलं दप्तर घेतलं, खांद्याला अडकवलं, आणि तिच्या मागोमाग चालू लागले. सुवर्णानं घंटी द्यायला जरा वेळच लावला.

दुसऱ्या आवृत्तीचं शेवटचं पान तेच आहे. त्यात सुवर्णानं मनचा एक शब्दही घातलेला नाही.